तासाला एक मिलिमीटर

१

शंभर तास चाललेलं काम अर्ध्या तासात नासलं होतं. ते कोणी नासवलं हे शोधायला डॉ. कल्याण सुरवसे यांनी पोलिसांना फोन केला नाही. पोलिसांना सांगणार तरी काय? चोरी झाली नव्हती, काही फुटलं नव्हतं, आणि जे बिघडलं होतं ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हतं. त्यांनी फोन केला केडगावला, रोहिणी भापकर यांना.

रोहिणीबाई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी जिल्हाभरचे काटे तपासले, पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं खरवडून काढली, आणि व्यापाऱ्यांचे शिव्याशाप चहासारखे पचवले. निवृत्तीनंतर मात्र घरात त्यांचा जीव रमेना. सुनेच्या स्वयंपाकघरातला काटासुद्धा त्यांचा दोनदा तपासून झाला होता. शेवटी सुनेने हसत, पण अगदी मनापासून सांगितलं होतं, "आई, तुम्ही जरा बाहेर फिरून येत जा." डॉक्टरांचा फोन आला आणि बाईंनी पिशवी भरली.

सोमवारी दहाच्या सुमाराला त्या खर्ड्याच्या स्टँडवर उतरल्या. कोपऱ्यावर एक बाई पेरू विकत होती, दोन पारड्यांचा जुना तराजू हातात धरून. रोहिणीबाईंनी किलोभर पेरू घेतले आणि सवयीने म्हणाल्या, "आता पेरू त्या पारड्यात टाक, अन् वजन ह्या पारड्यात."

पेरूवालीने अदलाबदल केली. पेरूचं पारडं सुपारीएवढंही वर गेलं नाही.

"खरा हाय बाई माझा काटा. तुमी खात्यातल्या दिसता," ती म्हणाली.

"होते. एका बाजूने कुठलाही काटा खराच वाटतो गं, म्हणून बाजू बदलून बघायची," बाई म्हणाल्या, आणि वर एक पेरू मागून घेतला.

डॉक्टरांची कार्यशाळा गावाबाहेर माळावर होती. साठी ओलांडलेला, काटकुळा, स्वेटर घातलेला हा माणूस फाटकाशी उभाच होता. पंचवीस वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळांत काढून तो आपल्या गावी परतला, कारण त्याला न हलणारी जमीन हवी होती. खर्ड्यात रेल्वे नाही, कारखाना नाही, आणि हातभर मातीखाली सलग काळा खडक. जिथे काहीच घडत नाही म्हणून पोरं गाव सोडून जातात, नेमकं तेच डॉक्टरांना पाहिजे होतं.

"भापकर मॅडम, मला उद्या सकाळी एका मुलीला कामावरून काढायचंय," डॉक्टर म्हणाले. "माझी सगळ्यात हुशार मुलगी. दीपा साळवे. पुरावा पक्का आहे. पण कुणीतरी बाहेरच्या माणसाने तो एकदा तपासावा, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर आज सांगा. उद्या उशीर होईल."

"पुरावा काय आहे?"

"बिघडलेल्या वस्तूनेच वेळ सांगितली आहे," डॉक्टर म्हणाले. "गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहा ते अकरा. त्या वेळी इथे दीपाशिवाय कोणी नव्हतं."

२

ती वस्तू होती हाताच्या पंजाएवढी, सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच. राजनंदिनी शिंदे या तपासणी करणाऱ्या तरुण इंजिनियर बाईने ती हातमोजे घालून पेटीतून काढली. ती डॉक्टरांची भाची. बोलणं चटपटीत, डोळे मात्र जागरणाने लाल.

"याला ग्रेटिंग म्हणतात," ती म्हणाली. "सोन्यावर हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढलेल्या आहेत. एका मिलिमीटरमध्ये सहाशे. रुंदी शंभर मिलिमीटर, म्हणजे साठ हजार रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर. सीडी उन्हात धरली की रंग दिसतात ना, तोच प्रकार. यावर प्रकाश पडला की त्याचे घटक वेगळे होतात. आमचं हे ग्रेटिंग क्ष-किरणांसाठी आहे. ते काचेच्या लोलकातून जात नाहीत, काच त्यांना गिळून टाकते. म्हणून ते अगदी तिरके, या सोन्याला घासून जातील असे सोडायचे. परत येताना वेगळे होऊन येतात, आणि समोरच्या पदार्थात कोणतं मूलद्रव्य आहे ते कळतं. एका प्रयोगशाळेने पहिल्यांदाच ते परदेशाऐवजी आपल्या देशात, आमच्याकडे मागवलंय."

तिने खिडकी झाकली आणि काचेच्या एका कडेला लेसर लावला. त्या कडेवर शाईचा बारीक निळा ठिपका होता. समोरच्या भिंतीवर लाल टिकल्यांची सरळ रांग उमटली. तिने काच सावकाश सरकवली. टिकल्या जागच्या जागी राहिल्या, आणि मग एके ठिकाणी किंचित पसरल्या. पुढे सरकल्यावर पुन्हा नीट झाल्या.

"हाच तो पट्टा. अर्धा मिलिमीटर. इथल्या रेघा केसाच्या दहाहजाराव्या भागाने सरकल्यात."

"एवढ्याने बिघडतं?"

"क्ष-किरणांसाठी हे खूप आहे, मॅडम."

"धक्का बसला होता यंत्राला?"

"नाही. धक्क्याने रेघ एकदम उडते. या हळूच सरकल्यात आणि हळूच परत आल्यात. उष्णतेमुळे. कुणीतरी यंत्राच्या खोलीत शिरलं होतं. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा पुरते, म्हणून रेघा सुरू असताना शंभर तास आत कुणीही जायचं नाही असा नियम आहे. तापमान नोंदवणारं उपकरण दुरुस्तीला पुण्याला गेलंय, आणि कॅमेरा गरम होतो म्हणून तो आत लावत नाही."

ती आता काचेच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. रोहिणीबाई डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होत्या.

"इकडच्या टिकल्या जास्त ठसठशीत दिसतात. निळ्या ठिपक्याकडच्या जरा फिक्या होत्या."

"हिरा थोडा झिजतो, चालायचंच," राजनंदिनी म्हणाली. तिला पुढचं सांगायची घाई होती. "आता वेळ बघा. यंत्र मिनिटाला दहा रेघा ओढतं, म्हणजे तासाला सहाशे, म्हणजे तासाला बरोबर एक मिलिमीटर. ही काचच घड्याळ आहे. निळा ठिपका म्हणजे सुरुवातीची कड, तसा आमचा लेखी नियमच आहे. काम गेल्या सोमवारी सकाळी आठला सुरू झालं आणि शुक्रवारी दुपारी बाराला संपलं. बिघाड ठिपक्यापासून साडेसव्वीस ते सत्तावीस मिलिमीटरवर. सोमवार आठपासून साडेसव्वीस तास मोजा."

"मंगळवार साडेदहा," रोहिणीबाई म्हणाल्या.

"मी त्या दिवशी नगरला होते. मामा पुण्यात, आणि दुसरी किल्ली त्यांच्या खिशात. रात्रपाळीचे नाना आठलाच घरी गेलेले. राहिली दीपा, आणि पहिली किल्ली तिच्याकडेच असते." राजनंदिनीने लेसर बंद केला. "मला ती आवडते, मॅडम. पण आकड्याला मी काय करू?"

हिशेबात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. रोहिणीबाईंना तेच खुपत होतं.

३

वाल्मिक नाना इंगळे मागच्या ओसरीवर पितळी चाक घासत बसले होते. सत्तरीचे, डोक्याला मुंडासं, बोटं जाड, पण त्याच बोटांनी त्यांनी हे यंत्र जुळवलं होतं.

"सातवी नापास हाय मी, बाई," ते म्हणाले. "पर ह्या यंत्राचा नट न् नट माझ्या हातचा हाय. डाक्टरनं कागदावं काढून दिलं, मी लोखंडात उतारलं. रातच्याला मीच हितं निजतो. सकाळी आठाला दीपी आली की मी रानात."

"काम सुरू कोण करतं?"

"म्याच. काच बसवायची, खोली लावायची, मंग दोन दिस तिला निवू द्यायची. तिसऱ्या दिशी भाईरनं दांडा फिरवायचा. खटका बी भाईरच हाय. पैली रेघ माझ्या हातची. मंग मोटर."

"मोटर आहे तर हात कशाला?"

नानांनी बाईंकडे असं पाहिलं की यांना घरी कुणी काही शिकवलं नाही की काय. "पेरनीची पैली मूठ घरातल्या मोठ्या मानसानं धरायची असती. ह्ये बी पेरनीच की. साठ हजार वळी."

"आणि दीपा?"

नानांचा हात थांबला. "त्या पोरीनं केलं आसंल तर मी उद्यापास्नं दांड्याला हात लावनार न्हाई. उन्हाळ्यात मावळतीची भित लई तापायला लागली, तवा मोटर तिकडनं काढायची म्हून आमी आख्खं यंत्र आर्धं फिरवलं. चौदा दिस. डाक्टर दिल्लीला हुते, राजनंदिनीताई सुट्टीवं. ही पोरगी माझ्यासंगं तेलात हात घालून बसली. रोज. ज्याला यंत्राची माया हाय त्यो आसं करील व्हय?"

"मग कोणी केलं असेल?"

"मला काय ठावं? मला कुनी काय इचारलंच न्हाई," नाना म्हणाले आणि पुन्हा चाक घासू लागले.

तिथून निघताना रोहिणीबाईंनी फाटकावरची नोंदवही चाळली. मंगळवारच्या पानावर खरोखर एकच नाव होतं. बाईंना त्या मुलीची अजून गाठ न पडताच काळजी वाटू लागली होती.

४

दीपाचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी दीपाचं बीएस्सीचं प्रमाणपत्र, तेही तसंच चौकटीत बसवलेलं. शनिवारपासून तिला घरी थांबायला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांची मुलगी, पण चेहरा दोन दिवसांत ओढल्यासारखा झाला होता.

"जय भीम, मॅडम. बसा." तिने खुर्ची पुसून दिली. "मी आत गेले नव्हते. यापेक्षा जास्त मला काही सांगता येत नाही."

"वेळ कशी काढली ते तुला कुणी सांगितलं?"

"नाही. 'मंगळवारी साडेदहा' एवढंच म्हणाले. मला काच बघूसुद्धा दिली नाही."

"डॉक्टर तुझ्यावर खार खाऊन आहेत का?"

"छे हो!" ती पटकन म्हणाली. "सरांनीच मला उभं केलं. जामखेडच्या कॉलेजात भाषणाला आले होते, मी एक प्रश्न विचारला, तर दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. आता परवाच्या गुरुवारचंच बघा. पुण्याहून पहाटेच्या गाडीने आले, घरी न जाता सरळ कार्यशाळेत. मला म्हणाले, 'दीपा, तू उपाशी दिसतेस, घरी जाऊन खाऊन ये, मी आहे इथे.' असे साहेब कुठे असतात?" तिचे डोळे भरून आले. "म्हणून तर जास्त लागतं, मॅडम. दुसऱ्या कुणी चोर म्हटलं असतं तर मी भांडले असते."

चूल सांभाळत बसलेली तिची आई, गीताबाई, चहा घेऊन आली. तिने कप बाईंच्या हातात दिला, पण लेकीकडे पाहिलं नाही. दीपानेही मान फिरवली.

"चांगलं यंत्र हाय वो ते," गीताबाई एकदम म्हणाली. "माझ्या गोधडीचा टाका बी तेवढा सरळ पडत न्हाई. म्या बघितलं की काचंतनं. मंगळवारी डबा घिऊन गेल्ते तवा."

"आई!" दीपा ओरडली.

रोहिणीबाईंनी कप खाली ठेवला. "मंगळवारी किती वाजता?"

दीपाने ओठ चावला. खोटं बोलायचं तिला जमत नव्हतं, हे बाईंना लगेच दिसलं. "साडेदहाच्या सुमाराला," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला आणायची परवानगी नाही. पण चार वर्षं आई विचारतेय, 'तू दिवसभर करतीस तरी काय?' मी तिला बाहेरच्या खिडकीतून दाखवलं. वहीत नाव लिहिलं नाही. दार उघडलं नाही, मॅडम, शपथ घेते."

"माझ्यामुळंच झालं," गीताबाई म्हणाली. "माझ्या डब्यातली भाकर गरम हुती." आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

५

वेळ जुळली, माणूस जुळला, लपवाछपवीही सापडली. खात्यात असत्या तर रोहिणीबाईंनी एव्हाना पंचनामा लिहून सही केली असती. त्या कार्यशाळेच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतला एक पेरू काढला.

समोर माळावर ज्वारी गुडघ्याला आली होती. ओळी पार बांधापर्यंत सरळ गेलेल्या. बाई खात होत्या आणि त्यांच्या मनात काहीतरी टोचत होतं. आकडा बरोबर होता. आकडा बरोबर आला की सगळेच शोधायचं थांबवतात. डॉक्टर थांबले, राजनंदिनी थांबली. आणि आपण? आपणही एकाच बाजूने तोलून बसलो!

पेरू अर्धा राहिला. बाई तडक उठल्या आणि मागच्या ओसरीकडे निघाल्या.

"नाना, एकच विचारते. पहिली रेघ तुम्ही काचेच्या कुठल्या अंगाला ओढता?"

"उगवतीच्या," नाना म्हणाले. "पेरनी काय मावळतीकडनं सुरू करत्यात व्हय?"

"आणि निळा ठिपका आता कुठल्या अंगाला येतो?"

"ठिपका मोटरच्या उलट्या अंगाला. काच तशीच बसती. पैल्यांदा मोटर मावळतीला हुती, तवा ठिपका उगवतीला यायचा. आता यंत्र फिरवलं, तर ठिपका..." नाना बोलता बोलता थांबले. त्यांनी हवेत हात फिरवून पाहिला. "ठिपका मावळतीला गेला की वो! पर मी खटका उलटा लावून उगवतीकडनंच सुरू केलं. काय चुकलं का माझं?"

"यंत्र फिरवल्यावर ही पहिलीच काच?"

"पैलीच."

"तुमचं काही चुकलं नाही, नाना," रोहिणीबाई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा. दीपालासुद्धा. आणि फाटकावरची नोंदवही आणा, मला गुरुवारचं पान बघायचंय."

ते पान उघडल्यावर मात्र बाईंचा चेहरा उतरला. आता खरं सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यानेच त्यांना विश्वासाने बोलावलं होतं.

६

दुपारी चारला सगळे तपासणीच्या खोलीत जमले. दीपा दाराशी उभी राहिली, आत यायला कुणी सांगेपर्यंत.

"राजनंदिनी, ठिपक्याच्या कडेवर लेसर लाव," रोहिणीबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या कडेवर. कुठल्या टिकल्या फिक्या?"

"ठिपक्याकडच्या."

"का?"

"हिरा झिज..." राजनंदिनी अडखळली.

"बोल. हिरा कामाच्या आधी झिजतो की काम करून?"

"काम करून." तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे ठिपक्याकडच्या रेघा झिजलेल्या हिऱ्याने ओढल्यात. शेवटच्या! ठिपका सुरुवातीला नाहीच. अरे देवा, मी उलट्या टोकाकडून मोजलं."

"तू नियमाप्रमाणे मोजलंस. नियम ठिपक्याचा, आणि नानांची रीत उगवतीची. इतकी वर्षं दोन्हींची सुरुवात एकाच कडेला होती, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही. उन्हाळ्यात यंत्र फिरलं आणि त्यांची फारकत झाली. मोज आता दुसरीकडून."

राजनंदिनीने कागदावर लिहिलं, पण दीपाने ते मनातच केलं होतं. "त्र्याहत्तर ते साडेत्र्याहत्तर," ती दारातून म्हणाली. "बहात्तर तासांनी गुरुवारचे आठ. म्हणजे गुरुवार, सकाळी नऊ ते साडेनऊ. गुरुवारी नऊला तर मी घरी होते! मला तर स..."

ती थांबली. उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि खाली फरशीकडे बघू लागली. पुढचा शब्द तिने गिळला हे सगळ्यांना कळलं. स्वतःची सुटका हातात आलेली असताना ती मुलगी गप्प राहिली होती.

नोंदवही टेबलावर उघडी होती. गुरुवार: डॉक्टर आत, आठ चाळीस. दीपा बाहेर, आठ पन्नास. राजनंदिनी आत, दहा. बाईंनी त्याकडे बोटही दाखवलं नाही. लबाड दुकानदार आधी ओरडतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"मी गेलो होतो आत," डॉक्टर म्हणाले.

नानांनी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं, पण ते बसले नाहीत.

"पंचवीस वर्षं मी परदेशातून आलेली ग्रेटिंग वापरली. प्रत्येक पेटीवर कुठल्या तरी लांबच्या गावाचं नाव. गुरुवारी खिडकीतून पाहिलं तर हिऱ्याचं टोक जात होतं, येत होतं, आमच्या खर्ड्यात. दोन मिनिटं जवळून बघावं म्हणून गेलो. कशाला हात लावला नाही. नुसता उभा राहिलो. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं तर अर्धा तास झाला होता." त्यांनी चष्मा काढला. "शनिवारी बिघाड कळला तेव्हा मला आधी तो अर्धा तासच आठवला. तेवढ्यात राजनंदिनी म्हणाली मंगळवार. मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी पुढे काही विचारलंच नाही. मी गुरुवारी आत गेलो होतो हेसुद्धा कुणाला सांगितलं नाही. मनाला समजावलं, त्याचा आता काय संबंध?"

"तरी मला बोलावलंत," रोहिणीबाई म्हणाल्या.

"झोप येत नव्हती."

दीपा आता आत आली. ती सरळ डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. "सर, मला एकदा काच दाखवायची होती. मी टिकल्या बघूनच ओळखलं असतं. दोन दिवस माझी आई जेवली नाही. तिला वाटतंय, तिच्या डब्यातल्या गरम भाकरीने तुमचं ग्रेटिंग बिघडलं. माझं जाऊ द्या. तिला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सगळ्यांसमोर दीपाला हात जोडले, चपला घातल्या आणि माळावरून चालत गीताबाईच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली एक भाकरी होती. आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक माझी आहे. माझ्या माणसांची नाही. मला दहा दिवस द्या." पलीकडच्या माणसाने थोडा विचार करून दिले.

७

त्याच संध्याकाळी नानांनी दुसरी काच बसवली आणि खोली लावली. ती निवायला दोन दिवस लागणार होते. रोहिणीबाईंनी ते नानांच्या घरी काढले. सुनेने फोनवर "राहा की आई, हवं तितकं राहा," असं फारच आनंदाने सांगितलं.

गुरुवारी सकाळी आठला सगळे बाहेरच्या खोलीत उभे होते. आता काचेवर निळे ठिपके दोन होते, आणि सुरुवातीच्या कडेवर बाण. दारावर डॉक्टरांच्या अक्षरातली जुनी पाटी होती, 'शंभर तास आत कुणीही जायचं नाही.' खाली दीपाच्या अक्षरात नवी ओळ होती, 'सरसुद्धा.' दोन्ही किल्ल्या तिच्या ओढणीला गाठ मारून बांधलेल्या.

नाना दांड्याजवळ गेले, उगवतीकडे तोंड करून हात जोडले, आणि बाजूला सरकले.

"ये दीपे. धर."

"नाना, पहिली रेघ तुमची असते."

"घरातल्या मोठ्या मानसाची आसती," नाना म्हणाले. "धर म्हन्तो ना."

दीपाने दांडा धरला. एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, आणि फिरवला. खिडकीतून हिऱ्याचं टोक सोन्यावरून सरकताना दिसलं. साठ हजारांतली एक झाली. डॉक्टर नकळत खिडकीला नाक लावायला पुढे झाले.

"सर, दोन पावलं मागे," दीपा म्हणाली, आणि डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे मागे सरले. नाना तोंडाला मुंडाशाचं टोक लावून हसले.

पुढच्या सोमवारी दुपारी रोहिणीबाई केडगावला जेवायला बसल्या होत्या, तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, आत्ता लेसर लावला. दोन्ही टोकांकडून मोजलं," दीपा म्हणाली. तिच्यामागे गलका ऐकू येत होता, आणि त्यात डॉक्टरांचं हसणं सगळ्यात मोठं. "टिकल्या कुठेही पसरत नाहीत. एकसुद्धा नाही!"

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "आणि आई?"

"ती इथेच आहे. भिंतीपुढे उभी राहून टिकल्या मोजतेय. डबा घेऊन आली. आज तिचं नाव वहीत लिहिलंय, मॅडम. सरांनी स्वतः लिहिलं."